साठून राहिलेलं दुखणं

राहीच्या टॉन्सिलचं ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत करायचं ठरलं, तेव्हा सर्जनना मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की हिला बधिर करायच्या इंजेक्शनची ॲलर्जी आहे. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "भुलेच्या डॉक्टरांना हे नीट सांगा. आदल्या दिवशी त्या तपासणार आहेत."

मी नीटच सांगणार होते. मार्चपासून तेच तर करत होते. शाळेत बाईंना सांगून झालं होतं, व्हॅनवाल्या काकांना सांगून झालं होतं, खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही सांगितलं होतं, म्हणजे मी घरी नसताना काही झालंच तर कुणीतरी दवाखान्यात तेवढं बोलेल. सर्वेश हसायचा. "गळ्यात पाटी अडकव तिच्या," म्हणायचा. सर्वेश माझा नवरा. अंजनवेलच्या वीजप्रकल्पात शिफ्टला असतो आणि सुट्टी मिळेल तसा रत्नागिरीला येतो. रोज समोर नसलेल्या माणसाला हसणं सोपं जातं.

मार्चमध्ये झालं ते असं. राहीची किडलेली दाढ काढली. दाताच्या डॉक्टरांनी हिरडीत इंजेक्शन दिलं, दाढ निघाली, आणि आम्ही तिथूनच थेट सासरी निघालो. सासर हातखंब्याच्या पुढे, आत. शिमग्याचे दिवस, संध्याकाळी पालखी घरी यायची होती, त्यामुळे थांबायला कुणाला सवड नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ओठ बधिर आहे तोवर काही चावू देऊ नका, स्वतःचाच ओठ चावेल. मी राहीला गाडीत बजावलं, घरी उतरल्यावर बजावलं, आणि मग पालखीच्या गडबडीत पोळ्या लाटायला बसले. रात्री ती न जेवता झोपली. सकाळी तिला उठवायला गेले तर ओळखू येईना. ओठ सुजून बाहेर आलेले, हनुवटीवर फोड, त्यांतून पाणी. सासूबाईंनी तिला आणि तिची चुलतबहीण वेदिका हिला समोर उभं केलं आणि विचारलं, "काजूला तोंड लावलंत काय गो? खरं सांगा." दोघी म्हणाल्या, नाही. मी दाताच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, न बघता काही सांगता येत नाही, पण इंजेक्शनची ॲलर्जी असू शकते, इथून पुढे प्रत्येक ठिकाणी सांगत जा.

मी अलोऱ्याच्या कॉलनीत वाढले. आमच्याकडे काजू पुडीतून यायचे. डॉक्टर म्हणाले ते मला पटलं, आणि पटलं त्यापेक्षा जास्त ते माझ्या मनात जाऊन बसलं.

आता ऑपरेशन. त्यात सर्वेशची एक गोष्ट. त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन लग्नाआधी मुंबईत झालं होतं, आणि ती हकीकत तो दर दिवाळीला फराळाच्या ताटापुढे सांगतो. यंदाही सांगितली. "हाताच्या पाठीवर सुई. म्हटलं ठीक आहे. मग ते पांढरं औषध सोडलं, आणि काय सांगू, मनगटापासून खांद्यापर्यंत हात पेटला. कुणीतरी शिरेत रॉकेल ओतून काडी लावली असं. ओरडणार, तेवढ्यात गुल." सगळे हसले. राही चकलीचा तुकडा हातात धरून त्याच्याकडे बघत होती. ती हसली नाही. मी त्याला स्वयंपाकघरात बोलावून म्हटलं, "चार दिवसांवर तिचं ऑपरेशन आलंय, आणि तू हे सांगतोयस?" त्याचा चेहरा पडला. त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानंतर राहीने ऑपरेशनबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. टॉन्सिल काढल्यावर आइस्क्रीम मिळतं म्हणे, ते खरं का, एवढंसुद्धा नाही. मुलं रडली की कळतं काय करायचं. गप्प बसली की मला काही सुचत नाही.

आदल्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन हॉस्पिटलात गेले. भुलेच्या डॉक्टर, नीरजा खेर, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. केस मागे घट्ट बांधलेले, आवाज हळू. त्यांनी राहीला तोंड उघडायला लावलं, छाती तपासली, मग तिचे दोन्ही हात स्वतःच्या हातात घेऊन उलटेसुलटे करून पाहिले. भाजी निवडताना बघतात तसं नाही. कुणाचा हात धरून बसावं तसं.

"शिरा चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या. "राही, बाबांनी काही सांगितलंय का तुला, झोपेच्या औषधाबद्दल?"

हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. बहुधा प्रत्येक घरात एक सर्वेश असतो. राहीने माझ्याकडे पाहिलं, म्हणून मीच ते रॉकेलचं सांगितलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. "बाबा खोटं सांगत नाहीयेत," त्या राहीला म्हणाल्या. "ते औषध दुधासारखं दिसतं, पण शिरेत जाताना काही जणांना झोंबतं. हाताच्या पाठीवरची शीर बारीक असते, तिथे जास्त. म्हणून मी इथली धरते." त्यांनी तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. "ही जाड आहे. आणि आधी दंडाला रबर बांधून या शिरेत बधिर करायचं औषध थोडं भरून ठेवते. थोडा वेळ ते तिथेच राहतं. मग रबर सोडायचं आणि झोपेचं औषध द्यायचं. बहुतेक मुलांना कळतही नाही. कुणाला हुळहुळतं."

"बधिर करायचं म्हणजे कुठलं?" मी विचारलं.

"लिग्नोकेन. दाताला देतात तेच."

"ते नाही चालणार," मी म्हटलं. "तिला त्याचीच ॲलर्जी आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"दुसरं काही?" मी विचारलं. "मास्क लावून गॅस देतात ना?"

"देतात. मास्क चालतो तिला?"

नाही चालत. वाफेचं मशीन लावतानाही दोघांनी धरावं लागतं. आधीच तोंडाने श्वास घेणारं पोर, मास्क आला की गुदमरल्यासारखं करतं. मी ते सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, मग दुसरी दुखणं कमी करणारी औषधं आधी देता येतील, जाड शीर धरता येईल, सावकाश देता येईल. बराच फरक पडतो. पण सगळ्यात भरवशाचं तेच, आणि उगाच ते सोडून द्यायला त्यांना नको वाटत होतं. "उगाच नसेल, तर अर्थातच देणार नाही. मला सगळं सांगा. दाढ काढल्यावर किती वेळाने दिसलं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

"त्याच दिवशी अंगावर गांधी उठल्या? श्वास लागला? उलटी, चक्कर?"

"नाही. ती नीट खेळत होती. पालखीपुढे नाचलीसुद्धा."

"आणि सकाळी कुठे कुठे होतं?"

"ओठ. हनुवटी." मला सगळं आठवत होतं, फोटोही होते, पण फोटोंची गरज नव्हती. "आणि उजव्या हाताचा अंगठा, आणि त्याच्या शेजारचं बोट. तिथली कातडी नंतर काळी पडून सुटली."

"बोटाला?" डॉक्टर म्हणाल्या.

मार्चपासून मी हे कितीतरी जणांना सांगितलं असेल. ओठ आणि हनुवटी सांगायचे, बोट सांगायचे, आणि पुढे जायचे. तोंडातलं पाणी हाताला लागलं असेल, अशी मीच माझी समजूत घातली होती. त्या एका शब्दावर डॉक्टर थांबल्या तेव्हा ती समजूत किती पातळ होती ते दिसलं. हिरडीत दिलेलं इंजेक्शन अंगठ्यावर कसं उठेल?

डॉक्टरांनी मला पुढे काही विचारलं नाही. त्या राहीकडे वळल्या. राही खुर्चीच्या कडेवर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"मी एक विचारू?" राही म्हणाली. मला नाही, त्यांना.

"विचार ना."

"तुम्ही बधिर करता तेव्हा दुखणं कुठे जातं?"

"कुठे जात नाही गं. तुला कळत नाही एवढंच."

"म्हणजे ते तिथेच साठतं."

"साठतं?"

"आणि मग नंतर सगळं एकदम येतं. दुप्पट होऊन." तिचा आवाज अगदी सपाट होता, पाढा म्हणावा तसा. "उद्या घसा कापणार, ते सगळं साठणार. आणि हात पेटणार तेपण त्यात."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मला माहितीय."

मला बोलायचं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता टेबलावर तळहात किंचित उचलला, आणि मी थांबले.

"तुझं आलं होतं का असं एकदम?" त्यांनी विचारलं.

राहीने मान डोलावली. मग तिने सांगितलं. पूर्ण वेळ डॉक्टरांच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे बघत, माझ्याकडे एकदाही नाही. वेदिकाने तिच्या ओठाला चिमटा काढला होता, काहीच कळलं नाही. मग जोरात काढला. तरी नाही. मग दोघी घरामागे काजूंत गेल्या. वेदिका म्हणाली, हिरवी काजूबी दाताने फोडली की तोंड उततं म्हणतात, पण तुझं तोंड तर आता लाकडाचंच आहे, तुला काय होणार. राहीने दोन बोटांत धरून बी फोडली. काहीच झालं नाही. चीक हनुवटीवर ओघळला, तरी काही नाही. वेदिका म्हणाली, तू जिंकलीस. मग तिने आणखी फोडल्या.

"आणि रात्री ओठ परत आला," राही म्हणाली. "आणि सगळ्या बियांचं एकदम आलं."

"मग आजीने विचारलं तेव्हा..." माझ्या तोंडून गेलं.

"आईने सांगितलं होतं, काही चावायचं नाही."

एवढंच म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. मी घातलेला नियम तिने मोडला होता, म्हणून ती रात्रभर पेटलेलं तोंड घेऊन माझ्या शेजारी न रडता पडून राहिली होती, आणि मी, जी तिच्या कुशीवर वळण्यानेसुद्धा जागी होते, झोपले होते. तिच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना ते बघून झोपले होते.

डॉक्टर सावकाश बोलत होत्या. काजूच्या सालीत तेल असतं, ते कातडीला जाळतं. तुझा ओठ बधिर होता म्हणून तुला आग कळली नाही, आणि कळली नाही म्हणून तू तोंड धुतलं नाहीस, आणखी बिया फोडल्यास. ते तेल तसंच राहिलं आणि आपलं काम करत बसलं. दुखणं साठलं नाही. जखम मोठी झाली. राही ऐकत होती. पटलं की नाही, चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

मग त्या मला म्हणाल्या, "मला ही ॲलर्जी वाटत नाही. पण शंभर टक्के, असं मी म्हणणार नाही; ते कुणालाच म्हणता येत नाही. आत्ता कातडीखाली अगदी थेंबभर देऊन बघू, तुम्ही दोघी इथेच बसा. आणि उद्या माझ्या हाताशी सगळी तयारी असेल, ती एरवीही असतेच. तरीही तुम्ही नको म्हणालात तर मी देणार नाही. मग दुसऱ्या वाटेने करू, थोडं झोंबेल. तुम्ही सांगा."

मी सर्वेशला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. काजूच्या बियांवर तो हसेल असं मला वाटलं होतं. तो नाही हसला. "मी लहानपणी केलंय तेच," म्हणाला. "वेदिकाच्या वयाचा होतो. मला ते मार्चमध्येच सुचायला हवं होतं."

"मग काय सांगू त्यांना?"

"तू तिथे आहेस, अक्षया. तू बघतेयस तिच्याकडे. तू म्हणशील ते."

आठ महिने मी एक वाक्य उशाशी घेऊन झोपले होते. ते वाक्य होतं तोवर मला काय करायचं ते माहीत होतं. आता ते खाली ठेवायचं, तर हातात काय राहणार? न दिलं तर थोडं झोंबेल, एवढंच ना. झोंबण्याने कुणी मरत नाही. दिलं आणि डॉक्टर चुकल्या तर? माझी भीती मला अगदी शहाणी वाटत होती. पण समोर जी बसली होती तिला सुईची भीती नव्हती. उद्या तिचा हात पेटला, तर तो तिच्या हिशेबात साठणार होता, आणि मग आपल्या बोलण्यावर तिने परत का विश्वास ठेवावा? मी विचार करत होते तेवढा वेळ राही माझ्याकडे बघत होती. मी घाबरते का, तेच बघत असावी. ही सवय तिला माझ्याकडूनच आली.

"टेस्ट करा," मी म्हटलं. "आणि ठीक आली तर उद्या द्या."

तिच्या हाताच्या आतल्या बाजूला डास चावल्यासारखा एक छोटा फुगवटा आला. आम्ही दोघी बाकावर बसून त्याच्याकडे बघत राहिलो. तो मोठा झाला नाही, लाल झाला नाही, हळूहळू बसला. डॉक्टर दोनदा येऊन बघून गेल्या. निघताना मी एकदा, आणि घरी, मारुती मंदिराकडे, जाताना रिक्षात परत एकदा, तिची बाही वर करून पाहिली.

"आई, नाहीये काही," राही म्हणाली.

"बरं."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "ओरडणार आहेस?"

"नाही."

"वेदिकाला?"

"तिलापण नाही."

रिक्षा सिग्नलला थांबली. मला तिला सांगायचं होतं की उद्या काही दुखणार नाही. ते वाक्य तोंडात तयार होतं. प्रत्येक आईच्या तोंडात ते तयारच असतं. त्याऐवजी मी म्हटलं, "तू झालीस तेव्हा माझं पोट कापावं लागलं होतं. माहितीय तुला?"

तिला माहीत नव्हतं. तिने माझ्या पोटाकडे पाहिलं.

"कमरेखाली बधिर केलं होतं. मी जागी होते. तू बाहेर आलीस ते मी पाहिलं. काही कळलं नाही कापलेलं."

"आणि नंतर?"

"नंतर दुखलं. उठताना दुखायचं, खोकला आला की दुखायचं. पण आधीचं साठलेलं नव्हतं ते. जखम होती, तिचं होतं. जेवढी जखम तेवढंच, आणि औषध घेतलं की कमी व्हायचं. रोज थोडं थोडं कमी."

"माझ्यामुळे दुखलं?"

"तुला बाहेर काढायला कापलं म्हणून दुखलं."

तिने परत माझ्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "घसा किती दिवस दुखेल?"

"आठवडा तरी. मधे एकदोन दिवस जास्त दुखेल, असं डॉक्टर म्हणाल्या. गिळताना जास्त."

तिने मान डोलावली. मला वाटलं होतं ती रडेल. उलट ती पाठ टेकून बसली, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा माझ्या अंगावर भार टाकला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई गावाहून पहिल्या गाडीने आल्या, देवाला गाऱ्हाणं घालून, आणि सर्वेश रात्रपाळी करून थेट. मला हिरवा झगा आणि टोपी देऊन आत घेतलं. झोप लागेपर्यंत थांबायला परवानगी होती. कोपराच्या खळीत सुई आधीच लावलेली होती, त्याआधी तिथे मलम चोळून ठेवलं होतं. राही टेबलावर फार लहान दिसत होती. डॉक्टर खेर यांनी तिच्या दंडाला रबर बांधलं.

"आता बधिर करायचं देतेय. घट्ट वाटेल, ते रबराचं."

मी तिच्या ओठांकडे बघत होते, गळ्याकडे, छातीकडे. पडद्यावरचे आकडे मला वाचता येत नव्हते, तरी वाचत होते. डॉक्टरांचं एक बोट तिच्या मनगटावर होतं आणि डोळे तिच्या चेहऱ्यावर. त्या बघत होत्या तसं मी कुणाला माझ्या मुलीकडे बघताना पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, तसं फक्त मीच बघते.

"सोडते हं रबर. आता दूध येतंय. काय वाटतं ते सांगत राहा मला."

नळीतून पांढरं पुढे सरकलं. राहीच्या भुवया जवळ आल्या.

"हुळहुळतंय," ती म्हणाली.

"झोंबतंय?"

"नाही. मुंगी चाल..."

आणि तिचं तोंड तसंच थोडं उघडं राहिलं. सिस्टरने माझ्या खांद्याला हात लावला. मी बाहेर आले. झगा काढायचं राहून गेलं.

सासूबाई दाराशीच उभ्या होत्या. "ओरडली काय गो?"

"नाही."

"बरं झालं बाय," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. मी त्यांना अजून काजूचं सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "मी विचारलं होतं ना त्यांना," म्हणाल्या. मग हळू आवाजात, "पण मी काठी घेऊन विचारलं होतं."

दुपारी राही पूर्ण जागी झाली. डोळे उघडले, गिळलं, आणि चेहरा कसनुसा झाला. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी आलं. मी तिच्यावर वाकले. ती काहीतरी म्हणाली. ऐकू येईना, म्हणून कान जवळ नेला.

"एवढंच आहे?" ती म्हणत होती.

"आत्ता एवढंच. उद्या-परवा यापेक्षा जास्त दुखेल बहुतेक. तेव्हा औषध वाढवतील."

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. सर्वेश पायाशी उभा होता, तो पुढे यायला लागला तर मी त्याला खुणेने थांबवलं. मग तिने ब्लँकेटखालून हात बाहेर काढला आणि बोटाने स्वतःचा गळा दाखवला.

"इथे," ती म्हणाली. बोट वर सरकलं. "आणि कानात. दोन्ही कानांत. आत."

मी विचारलं नव्हतं. मी अजून काहीच विचारलं नव्हतं.

"आणखी कुठे?" मी म्हटलं, आणि ती शोधू लागली.